अनुभवमंटपाच्या गावात अनुभवाला शून्य गुण

‘मानवी जीवनात अमुकला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ अमुकच्या जागी पाणी घाला, पुस्तक घाला, खेळ घाला, वेळ घाला, मोबाइल घाला. निबंध सुरू झाला. पुढे फायद्यांचा एक परिच्छेद. मग ‘नाण्याला दुसरी बाजूही असते’ असे म्हणून तोट्यांचा एक. मग उपाय. शेवटी ‘म्हणूनच म्हणतात ना’ आणि एक सुविचार. मुद्द्यांखाली निळ्या पेनाची रेघ, समास स्वच्छ, पान भरलेले. एवढे साधले की गुण पदरात! हे लिहिणाऱ्या पोराच्या घरी पाणी कुठून येते, कोण आणते, उन्हाळ्यात ते कितव्या दिवशी येते, यातले एक अक्षर त्या निबंधात नसते. आणि ते नाही म्हणून अर्धा गुणही कापला जात नाही. मळणीत राशीवर फिरणाऱ्या बैलाला मुसके बांधतात, तसे आम्ही आमच्या पोरांना निबंधाच्या तासाला मुसके बांधतो. वर त्याला भाषेचे अध्यापन म्हणतो.

आणि हे कुठे चालले आहे? बसवकल्याणात!

बाराव्या शतकात, बिज्जळाच्या राजवटीत, बसवण्णांच्या भोवती जिथे अनुभवमंटप ही संतांची खुली सभा भरली त्या कल्याणात. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, आणि समोर कोण? मडिवाळ माचय्या धुणे धुणारा. अंबिगर चौडय्या नाव वल्हवणारा. नुलिय चंदय्या दोर वळणारा. हरळय्या चांभार. सत्यक्का झाडलोट करणारी. सूळे संकव्वा देह विकून पोट भरणारी. यांतल्या बहुतेकांचा छंदःशास्त्राशी काडीचा संबंध नव्हता, आणि तो नाही म्हणून ते गप्प बसले नाहीत. घरात, बाजारात, घाटावर जी कन्नड बोलतात तिच्यात त्यांनी वचने रचली. वचनाला गण नाहीत, मात्रा नाहीत, यमकाची सक्ती नाही, मंगलाचरणाची अट नाही. जे भोगले, जे पटले, ते तोंडावर सांगायचे. आयदक्की लक्कम्मा ही सांडलेले तांदूळ वेचून संसार चालवणारी बाई. नवऱ्याने एक दिवस गरजेपेक्षा जास्त तांदूळ घरी आणले, तर ही हाव तुम्हाला शोभत नाही, जिथून आणले तिथे नेऊन टाका, असे तिने त्याला वचनातून सुनावले. तांदळाचे महत्त्व, तांदळाचे फायदे, तांदळाची दुसरी बाजू असले काही तिने लिहिले नाही. साडेआठशे वर्षे लोटली, तिचे बोल अजून धारदार आहेत.

वचनात ठरलेली गोष्ट एकच, ती म्हणजे मुद्रा, रचणाऱ्याची खूण. बसवण्णांची कूडलसंगमदेव, अक्कमहादेवीची चेन्नमल्लिकार्जुन. चौडय्याने तर देवाचेही नाव घेतले नाही. स्वतःचेच नाव मुद्रा म्हणून ठोकून दिले. बोलणारा कोण ते कळलेच पाहिजे, असा त्या लिखाणाचा बाणा! आमच्या परीक्षेत नेमके उलटे. उत्तरपत्रिकेवर नाव नको हे ठीकच आहे, नाव झाकल्यावाचून न्याय होत नाही. पण आम्ही नावाबरोबर माणूसही झाकून टाकला. शंभर उत्तरपत्रिका उघडा. शंभर पोरांची आई एकच, शंभर पोरांचा पाऊस एकच, शंभर पोरांच्या जत्रेतला पाळणा एकच.

गावाच्या माथ्यावर बसवण्णांचा १०८ फुटी पुतळा उभा आहे. नव्या अनुभवमंटपाचे भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झाले, प्रकल्प तेव्हा सुमारे ५०० कोटींचा. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बसवण्णांना कर्नाटकाचे सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. आम्हाला या सगळ्याचा आनंदच आहे; मंटप उठतो आहे तो उठो. पण त्या मंटपाच्या हाकेच्या अंतरावर, फळ्यावरचा निबंध वहीत आणि वहीतला निबंध डोक्यात उतरवून घेणाऱ्या पोरांना, तुमच्या अनुभवाची इथे कुणाला गरज नाही, असे सरकारी शिक्क्यानिशी शिकवले जात असेल, तर ५०० कोटींच्या त्या मंटपात उद्या बोलायला येणार कोण?

समजा, एका तांड्यावरची दहावीतली मुलगी आहे. माय-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले. घरी आज्जी, दोन धाकटी भावंडे, एक शेळी. चूल हीच पेटवते, धाकटीची वेणी हीच घालते, नळाला पाणी सुटले की शाळेचा पहिला तास हिचाच बुडतो. परीक्षेत विषय येतो, माझी आई. ती लिहिते: माझी आई पहाटे लवकर उठते. ती देवपूजा करते. ती मला गरमगरम डबा करून देते. ती रोज संध्याकाळी माझा अभ्यास घेते. चारही वाक्ये खोटी. चारही वाक्यांचे व्याकरण बरोबर. गुण पैकीच्या पैकी.

या मुलीला खरे सांगता येत नाही असे कोण म्हणेल? रात्री ती मायला मोबाइलवर बोलून निरोप पाठवते, तो ऐका. शेळी व्याली, दोन करडे झाली, एक अशक्त आहे. आज्जीच्या गुडघ्याला पुन्हा सूज आलीय, पण ती दवाखान्यात यायला तयार नाही. धाकटीने तुझी साडी पांघरायला मागितली, मी दिली. तू शनिवारी येते म्हणालीस ती आली नाहीस. यात सुरुवात आहे, क्रम आहे, तपशील आहे, आणि शेवटी एक असे वाक्य आहे की ऐकणारीच्या काळजाला चरा पडावा. एवढे ज्या पोरीला जमते तिला तुमच्या गाइडातली देवपूजा करणारी आई कशाला हवी? पण ‘माय’ असे लिहिले तर शब्दाभोवती लाल गोल बसेल, टोळीचे नाव काढले तर विषय सोडून लिहिले असे होईल, ही धास्ती तिच्या मनात पाचवीपासून मुरलेली. म्हणून ती आपली माय खोडते आणि छापील आई लिहिते.

आता दोष मास्तरांवर ढकलून कुणी मोकळे होऊ नये. हा साचा मास्तरांनी हौसेने उचललेला नाही. दहावीचा निकाल लागतो आणि आमच्या या कल्याण कर्नाटकाचे जिल्हे यादीच्या तळाला दिसतात. २०२४ ला यादगीर शेवटचा, ५०.५९ टक्के. २०२५ ला कलबुर्गी शेवटचा, ४२.४३ टक्के, त्याच वर्षी पहिला आलेला दक्षिण कन्नड ९१ टक्क्यांच्या वर. मग जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना झापतात, ते मुख्याध्यापकांना झापतात, मुख्याध्यापक विषयशिक्षकाकडे बोट दाखवतात. परीक्षा तोंडावर आली की हातात पडते ते ‘पासिंग पॅकेज’. प्रश्नपत्रिकेची नीलनक्षा समोर ठेवायची, हमखास गुणांचे प्रश्न निवडायचे, तेवढेच घोकून घ्यायचे. गणिताचे प्रमेय घोकले तरी आकृती चुकते. निबंध मात्र न समजताही पाठ होतो. म्हणून पॅकेजमध्ये पत्र आणि निबंध यांना मानाचे पान. भाषेतले जे सर्वांत मोकळे अंगण, तेच सर्वांत आधी कुंपणात गेले!

बरे, एवढे करून तळ सुटला का? आकडे वर दिलेच आहेत. २०२४ मध्ये परीक्षागृहात कॅमेरे लागले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ वरून ७३.४० टक्क्यांवर घसरला, तोही कृपागुणांची मर्यादा २० टक्क्यांपर्यंत वाढवल्यावर. कॅमेऱ्याने खिशातली चिठ्ठी पकडली. डोक्यातली चिठ्ठी पकडणारा कॅमेरा मंडळाकडे नाही, आणि पकडावी अशी इच्छाही नाही. चिठ्ठी खिशात असली तर कॉपी, डोक्यात असली तर अभ्यास. वा रे न्याय!

सीमेपलीकडे उमरग्याला, निलंग्याला काही वेगळे घडते अशा भ्रमात राहू नका. महाराष्ट्राच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीत ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाचे, त्यातले ८ प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला. नावे किती देखणी! प्रसंग म्हणजे पोराने पाहिलेला, आत्मकथन म्हणजे आतून आलेले, असे कुणालाही वाटेल. पण आत्मकथन कुणाचे? फाटक्या पुस्तकाचे, मोडक्या छत्रीचे, पडक्या किल्ल्याचे. पोराला त्याची स्वतःची कहाणी विचारायची हिंमत नाही, म्हणून भंगारातल्या वस्तूंना बोलते केले. छत्री बोलते, पुस्तक बोलते, किल्ला बोलतो. पोर गप्प.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले, जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी, हुमनाबाद आणि आमचे कल्याण इकडे राहिले. १९६७ मध्ये सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला. तेव्हापासून मराठीच्या नावाने दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी किती घसे कोरडे केले त्याची गणती नाही. मराठी शाळा हवी, मराठी पाटी हवी, मराठी अर्ज हवा, हवेच. पण त्या मराठी शाळेत बसलेली पोर मराठीत स्वतःचे एक वाक्य लिहिते का, हा प्रश्न आजवर एकाही व्यासपीठावर आमच्या ऐकण्यात आला नाही. भाषेचा अभिमान मिरवणुकीत वाजतगाजत निघतो आणि भाषेची परीक्षा गाइडाच्या पानावर उरकते.

या मराठीतच एके काळी शाळकरी निबंध कसा लिहिला गेला ते आठवून पाहा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, एका मुलीचा निबंध छापून आला. मुलगी चौदा वर्षांची, मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. नाव मुक्ता साळवे. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. वेद ब्राह्मणांचे आणि ते आम्ही बघायचेही नाहीत, तर मग आम्ही धर्मपुस्तकाविनाच ठरलो, आमचा धर्म कोणता ते देवा आता तूच सांग, असा तिचा सवाल. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या आमच्या माणसांच्या मुंडक्यांचे काय केले गेले, ते ती सांगते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, पावसाथंडीत त्यांना काय सोसावे लागते, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले म्हणून लिहिते. ही मुलगी शाळेत जाऊन किती वर्षे झाली होती? मोजून तीनच्या आसपास! आणि ते लिखाण आज १७० वर्षांनी वाचले तरी मान खाली जाते.

मुक्ताने हाच निबंध यंदा परीक्षेला लिहिला असता तर? प्रस्तावना नाही. उपशीर्षके नाहीत. दुसरी बाजू मांडलेली नाही. समतोल विचार नाही. सुविचार नाही. भाषा प्रक्षोभक. आठापैकी तीन, आणि मास्तर दयाळू निघाले तर साडेतीन.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. ते अगदीच पोकळ नाही. पहिले म्हणणे असे की कच्च्या पोराला आधार लागतो, कोरा कागद पाहून त्याचे हातपाय गळतात, साचा दिला तर निदान दहा ओळी तरी लिहितो. खरे आहे, आधार लागतो. पण आधार आणि साचा यांत जमीनअस्मानाचा फरक, आणि तो दाखवायला आम्हाला कल्याणच्या वेशीबाहेर जावे लागत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने याच राजधानीत ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ओवीला चरण ठरलेले, चाल ठरलेली, मुसळाचा ठेकाही ठरलेला. पण ओवीत सासर कुणाचे, भाऊ कुणाचा, दुखते कुठे, हे गाणाऱ्या बाईचे. बांधणी परंपरेची, ऐवज तिचा. आमच्या परीक्षेचा साचा येतो तो ऐवजासकट येतो. आई कशी असावी, पाऊस कसा पडावा, शेतकऱ्याने कधी रडावे, सगळे आधीच भरलेले. पोराने फक्त अक्षर आपले घालायचे. हा आधार नव्हे, ही बेवारस मालाची वाहतूक आहे. आधार द्यायचाच तर प्रश्न विचारा: काय पाहिलेस? कधी? सोबत कोण होते? त्याने काय म्हटले? तुला काय वाटले, आणि आता काय वाटते? एवढ्या पाच-सहा प्रश्नांच्या काठीवर कोणतेही पोर दीड पान चालून जाते.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार. मोकळे लिहू दिले तर गुण द्यायचे कसे? एकाला आवडेल, दुसऱ्याला नाही. मुद्दे मोजले तर निदान सर्वांना एकच न्याय. ही भीती जुनी आहे आणि साधार आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तर एकाच उत्तरपत्रिकेला कुणी पन्नाशीत गुण दिले, कुणी नव्वदीत. म्हणून मुद्दे मोजण्याचा जमाना आला. पण मुद्दे मोजून काय मोजले जाते? ‘प्रस्तावना आहे, अर्धा गुण’ म्हटले की परीक्षक प्रस्तावना शोधतो. ती वाचत नाही. तपासणी केंद्रावर गठ्ठ्यामागून गठ्ठा उपसणाऱ्या, गुणांच्या तक्त्यावर एक डोळा आणि घड्याळावर दुसरा ठेवणाऱ्या शिक्षकाने दुसरे करावे तरी काय? सर्वांना सारखा न्याय मिळतो खरा, पण कशाचा? सर्वजण सारखेच न वाचले गेल्याचा.

या न्यायाचे पर्यवसान कुठे होते ते चीनने चार-साडेचारशे वर्षे भोगले. मिंग आणि छिंग राजवटीत अधिकारी व्हायचे तर आठ अंगांचा निबंध लिहावा लागे. कोणत्या अंगात काय, कुठे जोडवाक्ये, कुठे समारोप, सारे जखडलेले. देशातली उत्तमोत्तम डोकी उमेदीची वर्षे त्या आठ खुंट्यांना अडकून राहिली. सतराव्या शतकातल्या गू यानवू या पंडिताने या निबंधाने झालेला नाश ग्रंथदहनाहून कमी मानला नाही. १९०५ मध्ये ती परीक्षा मोडीत निघाली, तोवर परकी सैन्ये पेकिंगमध्ये येऊन गेली होती.

अमेरिकेनेही हाच धडा नव्याने गिरवला. २००५ मध्ये तिथल्या सॅट परीक्षेत २५ मिनिटांचा निबंध आला. एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी नमुन्याचे निबंध पाहून दाखवून दिले की लांबी आणि गुण हातात हात घालून चालतात. निबंध दुरून पाहूनही गुण ओळखता यावेत इतके. मजकुरातली माहिती चुकीची असली तरी बिघडत नसे. पुढे २०१४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने एक प्रोग्राम रचला, दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त, संपूर्ण निरर्थक निबंध ओकायचा. आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्या बडबडीला उत्तम गुण बहाल केले. सॅटमधला निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये परीक्षेतून हद्दपार झाला.

आणि आता तर ‘मानवी जीवनात अमुकला अनन्यसाधारण महत्त्व’ हे मोबाइलमधले कोणतेही चॅटबॉट एका दमात, शुद्ध मराठीत, फायद्या-तोट्यांसकट लिहून देते. जे काम यंत्र फुकटात करते ते पोरांकडून दहा वर्षे घोटून घेण्यात कसला आला आहे शहाणपणा? त्या यंत्राला येणार नाही ते फक्त शेळीच्या अशक्त करडाचे. ते त्या मुलीलाच ठाऊक आहे.

साच्यात वाढलेली पोरे मोठी झाल्यावर काय करतात ते पुण्याच्या रस्त्यावर २०२३ च्या सुरुवातीला सगळ्यांनी पाहिले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे जाहीर केले, त्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा. त्याबरोबर हजारो उमेदवार रस्त्यावर आले: आत्ता नको, २०२५ पासून करा! त्यांची तयारी जुन्या पद्धतीने झालेली, वेळेची मागणी रास्तच होती, आयोगानेही ती मान्य केली. आम्ही त्या पोरांची टर उडवणार नाही. पण त्यांच्या ओरडण्याखाली जी घाबरगुंडी होती ती कुणी ऐकली का? चार पर्यायांतून एक गोल काळा करण्यात ज्यांची सगळी उमेद खर्ची पडली, त्यांना एकदम सांगितले की तुमचे मत हजार शब्दांत लिहा. मत! ते कुठल्या इयत्तेत शिकवले होते? अर्थात क्लासवाल्यांना भीती कसली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १९९३ पासून निबंधाचा पेपर आहे. त्याचेही साचे, त्याचेही पाठ करायचे दाखले आणि थोरामोठ्यांची वचने बाजारात तयार असतात. परीक्षा बदलली तरी साचा विकणारा उपाशी राहत नाही. जिल्ह्याचा कारभार पाहायला उद्या जो अधिकारी येईल, तो दुष्काळी गावात उभा राहून प्रस्तावना, फायदे, तोटे, उपाय अशाच क्रमाने अहवाल लिहील. आम्हाला तो अहवाल आत्ताच पाठ आहे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडा आणि शाळेबाहेरचे जगणे शाळेतल्या शिकण्याशी जोडा, असे स्पष्ट सांगितले. त्याला वीस वर्षे झाली. राज्यात सुखदेव थोरात आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये शिक्षणधोरणाचा अहवाल सरकारला दिला. त्यावर चर्चासत्रे झडतील, हारतुरे होतील. आमचे मागणे त्याहून फार साधे आहे आणि त्याला ५०० कोटी लागत नाहीत.

परीक्षा मंडळाने निबंधाचे मुद्दे मोजणे बंद करावे. निबंधाचा विषय असा द्यावा की छापील उत्तर त्याला चिकटूच नये: ‘पाण्याचे महत्त्व’ नको, ‘तुमच्या घरी पाणी नव्हते तो दिवस’ द्या. ‘माझी आई’ नको. ‘तुमच्या घरी कुणी तरी नसते तेव्हा’ द्या. दहावीची प्रथम भाषा १२५ गुणांची, त्यातले २५ अंतर्गत. या पंचवीसपैकी निदान दहा गुण वर्षभरात वर्गात बसून लिहिलेल्या, मास्तरांनी वाचून परत दिलेल्या आणि मुलाने पुन्हा सुधारून लिहिलेल्या लेखनाला द्यावेत. पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा दोन्ही जपून ठेवावेत. परीक्षकाच्या लहरीची भीती असेल तर तिलाही तोड आहे. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच दाखवले की माणसाला एकट्या वस्तूचे मोल ठरवणे जड जाते, पण दोन वस्तू शेजारी ठेवल्या की सरस कोणती हे तो चटकन आणि बऱ्याच अचूकपणे सांगतो. दोन निबंध शेजारी ठेवा, परीक्षकाला फक्त सरस कोणता ते विचारा. अनेक परीक्षकांच्या अशा अनेक तुलनांतून क्रम लागतो. इंग्लंडमध्ये शाळांतून मुलांचे लेखन या रीतीने तपासले जाऊ लागले आहे. सगळ्या राज्यात एकदम जमणार नाही म्हणता? बसवकल्याण, हुलसूर, भालकी, औराद या चार तालुक्यांतल्या मराठी शाळांच्या पूर्वपरीक्षेत करून पाहा. आणि सीमाभागातल्या बोलीला लाल गोल मारणे आजपासून बंद करा. माय, अव्वा, अज्जी, रान, बिगी हे शब्द अशुद्ध नाहीत. या मातीत मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेत-आणत वाढल्या आहेत. हा परीक्षेतला दोष ठरत असेल तर वचनकारांनाही नापास करावे लागेल.

पालकांनाही दोन शब्द. पोराच्या निबंधात घरातली भांडणे, बापाचे कर्ज, आज्जीचे दुखणे आले तर ‘घरची अब्रू वेशीवर टांगली’ म्हणून त्याच्यावर धावून जाऊ नका. ज्या घरात खरे बोलल्याबद्दल मार बसतो, त्या घरातले पोर परीक्षेतही खोटेच लिहिणार. आणि जी वर्तमानपत्रे फेब्रुवारी आली की ‘दहावीचे अपेक्षित निबंध’ पुरवणीतून छापून खप वाढवतात, त्यांनी त्या महिन्यापुरते तरी अग्रलेखातून शिक्षणाच्या दर्जावर अश्रू ढाळू नयेत.

मंडळ हे उद्या करील अशी आमची भाबडी समजूत नाही. तोवर आमच्या हातात आहे तेवढे आम्ही करतो. तालुक्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी ‘मी स्वतः पाहिलेले’ एवढ्याच विषयावर लिहून आपल्या शिक्षकांमार्फत या वृत्तपत्राच्या कचेरीत पाठवावे. निवडक लेखन आम्ही एकही शब्द न बदलता पहिल्या पानावर छापू. लिहिणाऱ्याला नाव द्यायचे नसेल तर कामावरून किंवा गावावरून एखादी मुद्रा घ्यावी. मर्यादा शब्दांची नाही. सुविचार असल्यास तो कापला जाईल. मुद्द्यांखाली रेघा मारू नयेत.